फ्रेंच महापौराची कारकीर्द कागदावर कशी मांडायची

तौलनिक राजकारणाच्या पेपरला फ्रान्समधल्या बोर्डो शहराचा महापौर जाक शाबान-देल्मास याच्यावर टिपण काढताय? मग सालं एकाखाली एक लिहीत सुटू नका. आमच्या दादरच्या वर्गातली निम्मी मुलं तेच करतात. खासदार, मग महापौर, मग पंतप्रधान. वाचणाऱ्याला वाटतं, गडी पायऱ्या चढत गेला. तसं झालेलंच नाही.

एक पाठकोरा कागद आडवा धरा. वरच्या कडेला १९४५ ते २००० सालं मांडा. तळाशी महापौरपदाची रेघ ओढा, १९४७ ते १९९५. पेन्सिल मध्ये कुठेही उचलायची नाही. तिच्यावर १९४६ पासूनची खासदारकी. तिच्यावर राष्ट्रीय सभेचं (फ्रेंच संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचं) अध्यक्षपद, तीन तुकड्यांत: १९५८-६९, १९७८-८१, १९८६-८८. सगळ्यात वर पंतप्रधानपद, जून १९६९ ते जुलै १९७२. इवलासा तुकडा.

आता १९७१ वर पट्टी उभी धरा. १९५८ च्या राज्यघटनेनुसार मंत्र्याला खासदार राहता येत नाही, म्हणून ती रेघ तिथे तुटते. महापौरपदाची तुटत नाही. देशाचा पंतप्रधान बोर्डोचा महापौर आहेच! १९७४ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत गडी तिसरा आला, मतं जेमतेम १५ टक्के. तळाची रेघ त्यानंतरही २१ वर्षं चालली.

हे पटत नसेल तर मुंबईचा महापौर डोक्यातून काढा. आपल्याकडे मुदत अडीच वर्षं, पद कोणत्या प्रवर्गाला जाणार ते सोडतीवर, आणि कारभार आयुक्तांच्या सहीने. तिकडे नगरसेवक सहा वर्षांसाठी महापौर निवडतात, फेरनिवडीला मर्यादा नाही, आणि पालिकेचं प्रशासन त्याच्याच हाताखाली. म्हणून रेघेखाली कामंही लिहा. बोर्डोतल्या मेरियादेक भागातली जुनी वस्ती पाडून तिथे उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या, हे तर नक्कीच. गिरगावकरांना पुढचं सांगायला नको.

शेवटी कागदाबाहेर उजवीकडे एक खूण करा: २०१४ चा कायदा, २०१७ पासून लागू. आता खासदाराला महापौरपद ठेवता येत नाही. परीक्षक हमखास इथेच बोट ठेवतात.

शाबान-देल्मासऐवजी मार्सेय शहराचे महापौर गास्तों देफेर घेतले असतील तर तळाची रेघ दोन तुकड्यांत येईल, १९४४-४५ आणि १९५३-८६. त्यांच्या १९८१ च्या गृहमंत्रिपदाखाली २ मार्च १९८२ चा विकेंद्रीकरणाचा कायदा लाल शाईने लिहा.