‘डीटूर’ची १६ एमएम प्रिंट घेताना

‘डीटूर’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा प्रिंट, म्हणजे प्रोजेक्टरवर लावायची फिल्मची प्रत, इतकी झिजलेली होती, की पडद्यावर सारखा ओरखड्यांचा पाऊस पडत होता. तरी त्यातल्या अभिनेत्रीची, ॲन सॅव्हेजची, ती करडी नजर डोक्यातून गेली नाही. पीआरसी या हॉलिवूडमधल्या कमी ऐपतीच्या कंपनीसाठी एडगर उल्मरने १९४५ साली केलेला हा जेमतेम ६८ मिनिटांचा गुन्हेपट. त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण झालं नाही, त्यामुळे प्रतींवरून प्रती निघत गेल्या. प्रिंट मिळते, चांगली प्रिंट शोधावी लागते.

डबा उघडलात की आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ॲसिटेट, म्हणजे फिल्मची प्लास्टिकची पट्टी, कुजायला लागलंय. ते थांबवता येत नाही, आणि ती वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. चित्र कितीही सुंदर असो, अशी प्रिंट मी घेत नाही.

मग लांबी मोजा. १६ एमएमला, म्हणजे १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मला, मिनिटाला ३६ फूट लागतात, म्हणजे इथे २४५० फुटांच्या आसपास भरायला हवी. बरीच कमी भरली तर कुठेतरी कात्री लागलीय. माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये नेमका टेलिफोनच्या वायरचा प्रसंग तुटका निघाला, फिल्म कापून चिकटवल्याचे दोन जोड एकमेकांच्या अगदी शेजारी. २०१८ साली या चित्रपटाचं फोर-के रिस्टोरेशन, म्हणजे उच्च दर्जाचं डिजिटल पुनरुज्जीवन, झालंय; ते शेजारी लावून प्रसंग ताडून बघा.

फिल्मच्या कडेला भिंगातून कोडॅक या फिल्म बनवणाऱ्या कंपनीचे गोल, चौकोन, त्रिकोण दिसतील. काळी खूण प्रिंटच्या फिल्मची, पांढरी मूळ निगेटिव्हवरून उतरलेली. साल सांगते ती काळी. मात्र या खुणा साधारण २० वर्षांनी पुन्हा येतात, तेव्हा एकट्या खुणेवर विसंबू नका.

आणि एक. अमेरिकन गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं, पण लिफ्ट मागण्याच्या काही शॉटमध्ये ते उजवीकडे दिसतं. प्रिंट सदोष समजून परत करू नका! नायक न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघालाय. पडद्यावरही तो उजवीकडून डावीकडे, नकाशात पश्चिमेला जावं तसा जाताना दिसावा, म्हणून ते शॉट आरशातल्यासारखे उलटवलेत. मला तर ही जागा फार आवडते. रीळ हातात धरून तेवढ्या फ्रेम मी अजूनही उजेडाला लावून बघतो.

घरी आणलेली प्रिंट लगेच बाकीच्या रिळांत ठेवू नका. थंड, कोरड्या जागी महिनाभर वेगळी ठेवा, मग पुन्हा वास घ्या.