क्यूबीला किती मार्क द्यायचे? मॅच बघताना हिशोब कसा करायचा

डेट्रॉईटच्या आसपास राहणारी आपली बरीच मराठी मंडळी आता पक्की लायन्सवाली (डेट्रॉईटची एनएफएल टीम) झालीयेत, आणि सोमवारी सकाळी ग्रुपवर एकच वाद चालू असतो, जिंकले तर आपला क्वार्टरबॅक गॉफ भारी आणि हरले तर गॉफला काढा. मला हे खरंच खटकतं. क्वार्टरबॅक, म्हणजे क्यूबी, हा अमेरिकन फुटबॉलमधला सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे यात वादच नाही, पण म्हणून अख्खी मॅच त्याच्या नावावर लिहायची हे बरोबर नाही. तर हा हिशोब कसा करायचा ते सांगतो. पद्धत साधी आहे, बाकीच्यांनी काय केलं ते आधी वजा करत जायचं आणि शेवटी उरेल ते क्यूबीचं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. ऑफेन्सचे अकरा वेगळे, डिफेन्सचे अकरा वेगळे, किकिंगवाले वेगळे. क्यूबी फक्त ऑफेन्समध्ये, म्हणजे जवळजवळ अर्धी मॅच तो बाकावर टॅबलेट बघत बसलेला असतो. पण ऑफेन्स मैदानात असताना जवळपास प्रत्येक बॉल त्याच्या हातातून जातो, मॅचला साधारण साठ-पासष्ट वेळा. क्रिकेटमध्ये कोहली आऊट झाला की आत जाऊन बसतो, क्यूबीचं तसं नाही, स्ट्राईक कायम त्याच्याकडेच. म्हणूनच २०१२ ला बॉल घेऊन पळणाऱ्या एड्रियन पीटरसनला एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) मिळाला त्यानंतर तो मान क्यूबींकडेच जातोय.

आता वजाबाकी. पहिली वजाबाकी लाईनची, आणि ही सगळ्यात मोठी.

पुढच्या मॅचला एक करून बघा. बॉल स्नॅप झाला (मागे क्यूबीकडे दिला) की पहिले दोन सेकंद बॉलकडे बघूच नका, क्यूबीच्या समोर जे पाच जाडजूड लोक उभे असतात त्यांच्याकडे बघा, तीच लाईन. क्यूबीला बॉल सोडायला साधारण अडीच-पावणेतीन सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात त्याच्याभोवती मोकळी जागा राहिली की चुरगळली एवढंच बघायचं. सुरुवातीला कंटाळा येईल कारण टीव्हीवाले कॅमेरा बॉलमागे नेतात, पण मागून घेतलेला रिप्ले दाखवतात तेव्हा सगळं स्वच्छ दिसतं. एका क्वार्टरमध्ये कळतं की आज क्यूबीला खेळायला मिळतंय की नुसतं पळायला.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण चीफ्सचा क्यूबी महोम्स. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये (सीझनची फायनल) चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल (लाईनच्या दोन टोकांचे खेळाडू) जखमी होते, महोम्स रात्रभर मागे मागे पळत होता, एकही टचडाउन (बॉल समोरच्या टोकापर्यंत नेणं) नाही, ३१-९ ने हरले. मग चीफ्सने काय केलं, क्यूबी तोच ठेवला आणि समोरचे पाचच्या पाच बदलले. फेब्रुवारी २०२३ ला समोर ईगल्स, ज्यांनी त्या सीझनला ७० सॅक (बॉल सोडायच्या आत क्यूबीला पाडणं) केले होते, आणि त्या फायनलमध्ये महोम्सला एकदाही सॅक करता आलं नाही. चीफ्स ३८-३५ ने जिंकले. फेब्रुवारी २०२५ ला परत तेच दोन क्यूबी, महोम्स आणि ईगल्सचा हर्ट्स. पण आता चीफ्सकडे धड लेफ्ट टॅकल नव्हता म्हणून गार्ड (लाईनच्या आतल्या बाजूचा) असलेल्या थुनीला तिथे उभं केलेलं, ईगल्सनी एकही ब्लिट्झ (क्यूबीवर जादा माणसं सोडणं) न पाठवता फक्त चार जणांच्या जोरावर सहा सॅक काढले, एका वेळी स्कोअर ३४-० होता, शेवटी ४०-२२. आणि २०२३ च्या त्या हरलेल्या फायनलमध्ये हर्ट्सने ३०४ यार्ड पास केले होते, शिवाय स्वतः पळून तीन टचडाउन, एका फंबलवर (हातातून सुटलेल्या बॉलवर) मात्र चीफ्सने टचडाउन केला. दोन वर्षांत दोघांपैकी कोणी आडाणीही झाला नाही आणि कोणी देवही झाला नाही, लाईनी बदलल्या.

फक्त एक सांभाळा, प्रत्येक सॅक लाईनचा नसतो. काही क्यूबी बॉल धरून बसतात, चार सेकंद झाले तरी सोडत नाहीत, त्यात लाईन तरी काय करणार. मनात मोजायची सवय लावा. तीनच्या आत माणूस अंगावर आला तर लाईनचं, तीनच्या पुढे गेला तर बहुतेक वेळा क्यूबीचं.

दुसरी वजाबाकी आकड्यांची. यार्ड आणि पासर रेटिंग (पासिंगचा एकत्रित आकडा) बघून मत बनवू नका. दोन यार्डांचा पास आणि पुढे रिसीव्हर (पास झेलणारा) पन्नास यार्ड पळाला तरी क्यूबीच्या खात्यात बावन्नच लागतात. रिसीव्हरच्या हाताला लागून वर उडालेला बॉल समोरच्याने झेलला तरी इंटरसेप्शन क्यूबीच्याच नावावर. त्यामुळे बॉल हवेत किती गेला आणि झेलल्यावर किती पळाले हे वेगळं बघायचं. आकडाच हवा असेल तर ईपीए बघा, म्हणजे त्या प्लेमुळे (एका स्नॅपच्या चालीमुळे) टीमचे अपेक्षित पॉईंट किती वाढले किंवा घटले, कारण थर्ड डाउनला (दहा यार्ड काढायच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) आठ यार्ड हवे असताना घेतलेले नऊ यार्ड आणि वीस यार्ड हवे असताना घेतलेले नऊ यार्ड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि साध्या यार्डांना तो कळत नाही. पण ईपीएमध्येसुद्धा लाईन, रिसीव्हर, कोच सगळे मिसळलेले असतात हे विसरू नका.

तिसरी वजाबाकी कोचची, आणि इथे येतो आमचा गॉफ. २०१६ ला रॅम्सने त्याला ड्राफ्टमध्ये (नवीन खेळाडू निवडायची फेरी) पहिल्याच नंबरवर घेतला. त्या वर्षी तो सात मॅच खेळला आणि सातही हरला, टीमचे पॉईंट २२४, अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी. लोकांनी शिक्का मारून टाकला, फुकट गेला पिक. २०१७ ला शॉन मॅकवे कोच म्हणून आला आणि त्याच गॉफबरोबर ४७८ पॉईंट, लीगमध्ये सगळ्यात जास्त! एक-दोन लाईनमन आणि रिसीव्हर नवीन आले होते हे खरं, पण एका वर्षात तळातून थेट वर जाणं हे नुसत्या क्यूबीच्या हाताने होत नाही. म्हणून नवीन क्यूबीवर मत बनवताना आधी बघा त्याला प्ले कोण सांगतंय, आणि रिसीव्हर मोकळे होतायत ते स्वतःच्या जोरावर की आखणीमुळे.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती. २०२१ ची गॉफ आणि स्टॅफर्ड यांची अदलाबदल. क्यूबीचं वजन किती हे समजायला याच्याएवढा चांगला प्रयोग एनएफएलमध्ये क्वचितच झाला असेल.

लायन्सने मॅथ्यू स्टॅफर्डला २००९ ला घेतला, त्याच्या आधीच्या सीझनला टीम ०-१६ होती (आधी जिंकलेल्या, मग हरलेल्या मॅच). बारा सीझन तो इथे खेळला, २०११ ला पाच हजारच्या वर यार्ड मारले, आणि प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेरीत) जिंकला किती? शून्य. तीन खेळला तीन हरला. इथले लोक म्हणायचे आकडे आहेत पण जिंकून देत नाही. आता जरा वजाबाकी करा. २०१३ च्या थँक्सगिव्हिंगपासून २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत लायन्सच्या एकाही रनरला एका मॅचमध्ये १०० यार्ड काढता आले नाहीत, जवळजवळ पाच वर्षं! म्हणजे समोरच्या डिफेन्सला पळण्याची भीतीच नाही, सगळे पासची वाट बघत उभे. अशात क्यूबीने करायचं काय.

मग रॅम्सने गॉफ, दोन फर्स्ट राऊंड आणि एक थर्ड राऊंड पिक देऊन स्टॅफर्डला नेला, आणि तो पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला. इथे लगेच "बघा, क्यूबीच सगळं" म्हणायचा मोह होतो. पण त्या टीमकडे डिफेन्सचा एरन डोनाल्ड होता, सीझनच्या मध्ये डिफेन्सचा वॉन मिलर आणि रिसीव्हर ओडेल बेकहॅम आले, आणि स्टॅफर्डने १७ इंटरसेप्शनसुद्धा फेकले होते. तरीही क्यूबीचा वाटा उरतोच, आणि तो कुठे दिसतो ते सांगतो, रॅम्सचा रिसीव्हर कूपर कपकडे बघा. गॉफबरोबर २०२० ला ९७४ यार्ड, स्टॅफर्डबरोबर २०२१ ला १९४७. कोच तोच, रिसीव्हर तोच, मॅच दोन जास्त मिळाल्या एवढं सोडलं तर बदलला मुख्यतः फेकणारा. वजाबाकीनंतर उरतं ते हे.

आणि इकडे गॉफ. पहिल्या वर्षी लायन्स ३-१३-१ (शेवटची एक बरोबरी). मग ९-८, मग १२-५, मग २०२४ ला १५-२. चारही वर्षं क्यूबी एकच! काय बदललं? कोच डॅन कॅम्पबेलने टीम बसवली, लाईनमन पेनेई सूअल आला आणि लाईन लीगमधल्या उत्तम लाईनींपैकी एक झाली, २०२२ पासून बेन जॉन्सन प्ले सांगायला लागला, आणि स्टॅफर्डच्या बदल्यात मिळालेले पिक फिरवून फिरवून जेमिसन विल्यम्स, जमीर गिब्ज, सॅम लापोर्टा अशी पोरं आली. जानेवारी २०२४ ला फोर्ड फिल्डवर याच स्टॅफर्डच्या रॅम्सला लायन्सने २४-२३ ने हरवलं, जानेवारी १९९२ नंतरचा पहिला प्लेऑफ विजय. त्या रात्री स्टॅफर्ड वाईट खेळला नाही आणि गॉफ काही अचाट खेळला असंही नाही, एका पॉईंटचा खेळ होता. मी तरी म्हणेन या सौद्यात दोन्ही टीम जिंकल्या, आणि क्यूबीच सगळं असतं तर असं होणं शक्यच नव्हतं.

चौथी वजाबाकी, क्यूबी बाकावर असताना जे घडतं ते. यावर फार लिहायला नको, उदाहरणंच बोलतात. २०२४ ला बेंगल्सचा क्यूबी बरो ४९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन, दोन्हीत लीगमध्ये पहिला, आणि बेंगल्स प्लेऑफच्या बाहेर. ४१-३८, ३५-३४, ४४-३८ अशा मॅच हरले, डिफेन्स कोणाला थांबवतच नव्हता. जानेवारी १९९१ ला बिल्सच्या किकरची ४७ यार्डांची किक उजवीकडून बाहेर गेली आणि त्यांचा क्यूबी जिम केली २०-१९ ने सुपर बोल हरला, समोर जायंट्सकडून जखमी फिल सिम्सच्या जागी बदली क्यूबी हॉस्टेटलर खेळत होता. ती किक आत गेली असती तर केलीबद्दल लोक आज वेगळंच बोलले असते. आणि जानेवारी २०२२ ची बिल्स-चीफ्स मॅच, बिल्सच्या जॉश एलनने चार टचडाउन पास दिले, शेवटच्या तेरा सेकंदात डिफेन्सने आघाडी घालवली, ओव्हरटाईमला नाणेफेक हरले आणि त्याच्या हातात बॉल आलाच नाही, ४२-३६. त्यानंतर लीगने प्लेऑफसाठी ओव्हरटाईमचा नियमच बदलला. आता हा पराभव एलनच्या नावावर मोजायचा का? मी नाही मोजणार.

एवढं वजा केल्यावर तुम्हाला वाटेल की मग क्यूबीचं राहिलं काय. तर खूप राहतं. इंडियानापोलिसला विचारा. तिथल्या कोल्ट्सचे २०१० ला क्यूबी पेटन मॅनिंगबरोबर १०-६, २०११ ला मानेच्या ऑपरेशनमुळे तो पूर्ण सीझन बाहेर, टीम २-१४. पण लगेच याच्यावरून नियम बनवू नका, कारण २००८ ला पहिल्याच मॅचमध्ये क्यूबी ब्रेडीचा गुडघा गेला तरी त्याचे पेट्रियट्स बदली मॅट कॅसलबरोबर ११-५ झाले (आदल्या वर्षी १६-० होते तेही लक्षात ठेवा), आणि २०१७ ला ईगल्सचा क्यूबी वेंट्झ जखमी झाल्यावर बदली आलेल्या निक फोल्सने ईगल्सना सुपर बोल जिंकून दिला, त्या मॅचला ब्रेडी ५०५ यार्ड मारून हरला. म्हणजे बदली क्यूबी आल्यावर टीम किती पडते ते बघायचं, पण ती टीम सगळा डोलारा एकाच माणसावर उभा करून बसली होती का हेही सोबत बघायचं. कोल्ट्स बसले होते.

मग फक्त क्यूबीचं म्हणता येईल असं मी मॅचमध्ये कुठे शोधतो? एक, स्नॅपच्या आधी. तो हात दाखवून लाईन बदलतोय का, ब्लिट्झ कुठून येणार ते ओळखतोय का. मॅनिंग यात राजा होता. दोन, थर्ड डाउनला सात-आठच्या वर यार्ड हवे असताना, कारण तेव्हा सगळ्या स्टेडियमला माहिती असतं की पास येणार. तीन, आखलेला प्ले मोडला की पुढे काय करतो. या तीन जागी जो वर्षभर सातत्याने बरा दिसतो तो चांगला क्यूबी, त्या दिवशी स्कोअर काहीही असो. माझं मत असं की दरवर्षी प्लेऑफच्या आसपास राहायचं तर क्यूबी लागतोच, तिथे त्याला पर्याय नाही, पण त्या महिन्यात ट्रॉफी कोणाकडे जाते ते लाईन आणि डिफेन्स जास्त ठरवतात. मॅनिंगचंच बघा, नंतर डेन्व्हरकडून खेळताना २०१३ ला ५५ टचडाउनचा रेकॉर्ड केला आणि फायनल ४३-८ ने हरला, २०१५ ला ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन आणि वॉन मिलरच्या डिफेन्सने त्याला ट्रॉफी जिंकून दिली.

शेवटचं पैशाचं. प्रत्येक टीमला खर्चाची मर्यादा असते, २०२५ ला ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती, आणि क्यूबी डॅक प्रेस्कॉटचा करार वर्षाला सरासरी ६ कोटींचा आहे. रोस्टर ५३ जणांचं. २०१३ ला ज्या सिएटलने मॅनिंगला धुतलं त्यांचा क्यूबी रसेल विल्सन तिसऱ्या राऊंडचा पिक होता आणि वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा कमी घेत होता, उरलेल्या पैशात त्यांनी तो डिफेन्स सांभाळला. त्यामुळे तुमच्या टीमने क्यूबीबरोबर मोठा करार केला की फटाके जरूर फोडा, पण पुढच्या मार्चमध्ये लाईनमधला कोण सोडून गेला आणि डिफेन्सचा कोण परत घेतला नाही याची यादी काढून ठेवा, सप्टेंबरमध्ये क्यूबीला मार्क देताना ती समोर लागेल.