'का नाकारलं?' विचारू नका, टिपणी मागा

अर्ज नामंजूर, आणि पत्रात एवढंच: "नियमानुसार कार्यवाही शक्य नाही." माहिती अधिकारात "का?" असं विचारलं, तर "हा प्रश्न आहे, माहिती नव्हे" म्हणून परत पाठवतात. सांगलीत काकांच्या फेरफाराच्या (जमिनीच्या नोंदीतल्या नावबदलाच्या) वेळी माझा महिना असाच गेला.

दुसऱ्या खेपेला टिपणी मागितली, म्हणजे नस्तीत (सरकारी फाइलीत) अधिकाऱ्यांनी लिहिलेले शेरे. ते असं:

1. माहिती अर्जाचा नमुना 'अ', 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत.
2. मूळ अर्जाचा आवक क्रमांक व तारीख घालून लिहिलं: "या प्रकरणातील टिपणी पानांच्या प्रती, सर्व अभिप्राय व स्वाक्षऱ्यांसह, तसेच नस्ती कोणाकडे कधी गेली त्याची नोंद द्यावी."
3. खाली एक ओळ: माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(1)(घ) प्रमाणे बाधित व्यक्तीला निर्णयाची कारणं कळवणं बंधनकारक आहे.

पोच घेताना शिक्क्यावरची तारीख वाचता येते ना, तेवढं बघा. आमच्याकडे ती जांभळ्या शाईत फिसकटलेली होती, पुन्हा मारून घेतली.

टिपणीच्या तिसऱ्या पानावर शेरा निघाला: "वारसाची कागदपत्रे जोडलेली नाहीत." ती त्याच नस्तीत होती! शिवाय नस्ती महिनाभर एकाच टेबलावर. राज्याच्या विलंब प्रतिबंध कायद्यात एका टेबलावर नस्ती ठेवायची साधारण मर्यादा 7 कामाच्या दिवसांची आहे. अपिलात दोन्ही मुद्दे जसेच्या तसे घातले.

मात्र माहितीच्या उत्तराची वाट बघत बसू नका. त्याला 30 दिवस लागू शकतात, आणि फेरफाराच्या निर्णयावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करायची मुदत 60 दिवसांची असते. अपील आधी दाखल करा, टिपणी मिळाली की मागून जोडा.