पाचव्या वाढदिवसाला आधी डोस, मग केक

माझी मुलगी जून २०१९ मध्ये पाच वर्षांची झाली. दीड वर्षापर्यंतचे तिचे सगळे डोस वेळेवर झाले होते, त्यामुळे लसींचं काम संपलं असंच मी धरून चालले होते. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. गावभागातल्या आमच्या घरी कपाटाचा खालचा खण पाण्यात गेला आणि त्यातल्या लसीकरणाच्या कार्डाचा लगदा झाला. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं. जुलै २०२१ च्या पुरानंतर अंगणातला गाळ काढताना पोरीच्या पायात खिळा घुसला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "पाच वर्षांचा त्रिगुणीचा डोस झालाय ना?" मला उत्तर देता आलं नाही. ती सात वर्षं एक महिन्याची होती, आणि त्रिगुणी, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींची लस, सात वर्षांपर्यंतच देतात. मग टीडी दिली. त्या लसीत धनुर्वात आणि घटसर्पाचा भाग आहे, डांग्या खोकल्याचा नाही. तो भाग राहिला तो राहिलाच.

म्हणून ही तयारी लिहून ठेवते आहे.

जन्माच्या वेळचं लसीकरण दवाखान्यातच होतं: क्षयरोगाची बीसीजी, पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांच्या आत कावीळ ब. घरी यायच्या आधी हे तिन्ही कार्डावर लिहून घ्या. मग सहा, दहा, चौदा आठवडे. आशाताई आठवण करतात, बाळ रडतं, रात्री ताप येतो. ताप आला म्हणून पुढची तारीख चुकवू नका. साधी सर्दी असली तरी बाळाला घेऊन जा, थांबवायचं असेल तर सिस्टर सांगतील. नऊ महिन्यांनी गोवर-रुबेलाचा पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा, त्याच वेळी त्रिगुणीचा पहिला बूस्टर, म्हणजे आधीच्या डोसांना बळ देणारा डोस.

इथेच घात होतो. यानंतर तीन-साडेतीन वर्षं कार्डावर एकही लस नसते. आशाताईंच्या फेऱ्या नव्या बाळांकडे वळतात, आपण बालवाडीच्या गडबडीत पडतो, कार्ड खणाच्या तळाशी जातं. पण त्रिगुणीचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांत असतो. लहानपणीच्या डोसांचं बळ हळूहळू उतरतं आणि नेमकं त्याच वयात मूल शाळेत पन्नास पोरांत जाऊन बसतं. पाच वर्षांचा डोस. मोबाइलमध्ये आजच आठवण लावा, बाळ दीड वर्षाचं असलं तरी. पहिलीच्या प्रवेशाची कागदपत्रं काढाल तेव्हा कार्डही काढा आणि ती ओळ कोरी आहे का ते बोट ठेवून बघा. शाळा विचारेल यावर राहू नका.

कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा, आजीलाही पाठवा. मूळ कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, वरच्या फळीवर. नदीकाठच्या घरांनी तर हे केलंच पाहिजे. गाव बदललं तरी चालतं. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलंही इथल्या उपकेंद्रावर पुढचा डोस घेऊ शकतात. आणि एखादा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलं तिथून पुढे. ज्यांच्या मुलाला अजून सात पूर्ण नाहीत त्यांनी हे वाचून उद्याच दवाखाना गाठावा. पाच वर्षांचाच डोस म्हणते आहे मी.

दहा आणि सोळा वर्षांना टीडी. हे बहुतेक शाळेत होतं, पण त्या दिवशी मूल घरी राहिलं असेल तर नंतर घेऊन जा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस मुलींना नऊ ते चौदा वर्षांच्या वयात द्यावी, उशीर केला की डोस वाढतात. यावर घरात लाजून गप्प बसू नका.

लग्न ठरलं की रुबेलाची लस झाली आहे का ते मुलीने बघावं, गरोदरपणात ती घेता येत नाही. दिवस राहिले की टीडीचे दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने.

मोठ्यांनी दर दहा वर्षांनी टीडी घ्यावी. शेतात विळा-खुरपं लागल्यावरच दवाखान्याची आठवण व्हायला नको. कुत्रं चावलं तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. लगेच दवाखाना, आणि सांगितलेले सगळे डोस पूर्ण करा. मधला एकही सोडू नका.

साठीच्या पुढे फ्लूची दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून. मधुमेह किंवा दमा असेल तर साठीची वाट बघू नका. खासगीत पैसे पडतात, आधी विचारून घ्या.

धाकटा येत्या डिसेंबरात पाच पूर्ण करतोय. कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केला आहे, आणि उपकेंद्रातल्या सिस्टरना आत्ताच सांगून ठेवलं आहे.