निवाऱ्यातली कुत्र्याची पिल्लं: आधी ऊब, मग दूध

रस्त्यावरून आणलेलं पिल्लू हाताला गार लागलं तर लगेच दूध पाजू नका. थंड अंगात पचन चालत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, अंग उबदार झालं की मगच पाजा. गाईच्या दुधाने जुलाब लागतात, म्हणून पिल्लांसाठीची दूध पावडर घ्या. पाजताना पिल्लू पोटावरच हवं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. तीन आठवड्यांच्या आतलं असेल तर पाजून झाल्यावर ओल्या कापसाने शी-शूची जागा हलकेच पुसा. एरवी हे काम आई चाटून करते.

नवं पिल्लू 14 दिवस वेगळं. खरा शत्रू पार्व्हो, म्हणजे पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब लावणारा विषाणू, आणि तो फिनाईलला दाद देत नाही. आधी घाण धुवा, मग 1 भाग घरगुती ब्लीच 30 भाग पाण्यात मिसळून फरशी 10 मिनिटं ओली ठेवा. लस 6 ते 8 आठवड्यांपासून, दर 3-4 आठवड्यांनी, 16 आठवडे होईपर्यंत.

दत्तक 8 आठवड्यांनंतरच. दत्तक घेणाऱ्या घरातल्या सगळ्यांशी बोला, भाड्याचं घर असेल तर घरमालकाशीही. ‘मुलं हट्ट करतायत’ एवढंच कारण असेल तर थांबा. रेबीजची लस आणि नसबंदी कधी करायची ते कागदावर लिहून द्या.