कोरोनाची साथ असताना बेळगावला कॉलेजला परतताय? आधी रूम बघा

वर्गात तोंडावर मास्क असतो. तो उतरतो मेसमध्ये आणि रूमवर, म्हणून खरी काळजी तिथे घ्यायची. गेटवर कपाळाला लावतात त्या ताप मोजायच्या बंदुकीवर विसंबू नका. लक्षणं दिसायच्या आधीच माणूस संसर्ग पसरवू शकतो आणि पॅरासिटामॉलनं ताप झाकला जातो.

चंदगड, गडहिंग्लज, कागलकडच्या मुलांनी सीमेचाही हिशोब धरावा. 2021 मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर 72 तासांच्या आतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट मागत. तसा नियम पुन्हा लागला तर तास स्वॅब दिल्यापासून मोजा. लॅबनं दीड दिवस घेतला, तर प्रवासाला उरतो दीडच दिवस. नाव आधारशी जुळतंय का ते लॅबमध्येच बघा आणि प्रिंट जवळ ठेवा. मात्र निगेटिव्ह रिपोर्ट त्या दिवसापुरता. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला चौदा दिवसही लागू शकतात.

आता रूम. पावसाळ्यात बेळगाव-खानापूरकडे गारठ्यामुळे खिडक्या बंद असतात आणि तिथेच घात होतो. टेबलफॅन खिडकीशी, तोंड बाहेर करून ठेवा आणि समोरचं दार थोडं उघडं ठेवा: आतली हवा बाहेर ढकलली जाते, दारातून नवी येते. फॅन आत वळवला तर आतली हवाही खोलीभर फिरते. बाकं पुसण्यापेक्षा याचा उपयोग जास्त. कॉटमध्ये सहा फूट अंतर नसेल तर एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाकडे करा. मेसमध्ये पंगतीला बसण्यापेक्षा डबा आणा.

भाडं ठरवतानाच घरमालकांना विचारा: कुणी आजारी पडलं तर वेगळी खोली कुठली? ऐनवेळी ‘आजच खोली सोडा’ ऐकायची पाळी येऊ नये. खोकला-ताप असताना शनिवारी गावी मात्र जाऊ नका, घरी आजी-आजोबा असतात.

थर्मामीटर, ओआरएस आणि बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर जवळ हवेतच. ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपॉलिश किंवा मेंदी नसलेलं बोट निवडा, गार असेल तर चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसा आणि आकडा स्थिरावल्यावरच वाचा. मग खोलीत सहा मिनिटं चाला, पुन्हा मोजा. बसल्या जागी धाप लागत असेल तर चालू नका. आकडा 94 च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीनपेक्षा जास्त उतरला, तर रात्र काढू नका, लगेच 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत पालथं झोपा.