घरातील वायफाय: आधी राउटरची जागा, मग बाकी सारे

फायबरचे नवे कनेक्शन घेताना प्लॅनचा वेग आणि महिन्याचे भाडे यांची चौकशी सगळेजण बारकाईने करतात. राउटर घरात कोठे बसणार याचा विचार मात्र तो बसवणारा तंत्रज्ञ दारात उभा राहीपर्यंत होत नाही. त्याला दिवसभरात अनेक घरे उरकायची असतात, त्यामुळे तार जिथून आत येते तिथेच, म्हणजे बहुधा मुख्य दरवाजाच्या वर किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात, तो राउटर टांगतो. अशा जागेवरून बऱ्याचशा लहरी जिन्यात किंवा रस्त्यावर जातात, आतल्या खोलीतला ऑनलाइन वर्ग अडखळू लागतो आणि त्यावर उपाय म्हणून अधिक वेगाचा प्लॅन किंवा महागडा राउटर घेतला जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की घरातील वायफाय चांगले चालणे हे पैशांपेक्षा जागेवर अधिक अवलंबून असते, आणि ती जागा तंत्रज्ञ येण्यापूर्वीच ठरवून ठेवावी.

जागा ठरवण्यासाठी वायफायच्या दोन मुख्य पट्ट्यांचा (फ्रिक्वेन्सी बँडचा) स्वभाव माहीत असावा. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोहोचतात आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात, पण त्यांचा वेग कमी असतो आणि शेजारपाजारच्या सर्व राउटरांची गर्दी याच पट्टीत असते. 5 गिगाहर्ट्झचा वेग पुष्कळ जास्त, परंतु प्रत्येक भिंत ओलांडताना या लहरी अधिक क्षीण होतात. साडेचार इंची विटांची एखादी भिंत मध्ये असेल तर विशेष फरक पडत नाही. नऊ इंची भिंत, काँक्रीटचा खांब किंवा स्लॅब आला की फरक जाणवू लागतो. मुंबई-पुण्याच्या नव्या उंच इमारतींत अनेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा लोखंडी जाळीसह काँक्रीटच्याच ओतलेल्या असतात, आणि कोकणातील जुन्या घरांत जांभ्या दगडाच्या जाड भिंती असतात. अशा घरांत एका राउटरवर सर्व खोल्या भागतील ही अपेक्षाच ठेवू नये.

राउटर शक्यतो घराच्या मध्यावर, उभ्या माणसाच्या छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर आणि उघड्यावर ठेवावा. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात, लोखंडी कपाटावर, फ्रिजच्या मागे, मोठ्या आरशाजवळ किंवा माशांच्या टाकीशेजारी तो ठेवू नये, कारण धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हही 2.4 गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो, तेव्हा त्याच्यापासूनही अंतर राखावे. राउटर दिसू नये म्हणून तो लपवण्याची गृहिणींची आणि इंटिरियर डिझायनरांची इच्छा समजण्यासारखी आहे, परंतु लपवलेला राउटर अर्धा निकामी झालेला असतो. बाहेर अँटेना असतील तर एकमजली घरात त्या उभ्या ठेवाव्यात, कारण लहरी अँटेनाच्या टोकाकडून नव्हे तर तिच्या बाजूंनी पसरतात. वरच्या मजल्यावरही पोहोचायचे असेल तर एक अँटेना आडवी करून पाहावी.

आता तार त्या मध्यवर्ती जागेपर्यंत न्यायची कशी? सर्वांत सरळ मार्ग म्हणजे तंत्रज्ञाला फायबरच तिथपर्यंत ओढायला सांगणे. भिंतीच्या कडेने केसिंग पट्टीतून किंवा आधीच टाकलेल्या कन्सील्ड पाइपातून ती नेता येते. फायबर काटकोनात दुमडू नये, दाराच्या फटीत चेपू नये; वळण सावकाश आणि गोलाकार द्यावे. फायबर ज्याला जोडलेली असते त्या कंपनीच्या डब्यावरील (बहुधा हाच राउटर) एलओएस, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल लुकलुकू लागला तर प्रकाश पोहोचत नाही असे समजावे आणि कोठे तार दुमडली गेली आहे का ते आधी पाहावे. सुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून मात्र कधीही पाहू नये, कारण त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

फायबर नेणे शक्य नसेल तर कंपनीचा डबा दारापाशीच राहू द्यावा आणि तिथून लॅन केबलने दुसरा राउटर घराच्या मध्यावर बसवावा. केबल कॅट-6 आणि शुद्ध तांब्याची घ्यावी. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या स्वस्त केबलही मिळतात, त्या टाळाव्यात. 100 मीटरपर्यंत लॅन केबल व्यवस्थित चालते, म्हणजे घरासाठी लांबीची अडचण नाही. हजार मेगाबिटच्या वेगासाठी तिच्या आठही तारा जुळलेल्या असाव्या लागतात. त्यांपैकी एखादी टोकाच्या क्लिपमध्ये नीट बसली नसेल तर अनेकदा जोडणी चालू राहते, पण वेग मुकाट्याने 100 मेगाबिटवर उतरतो. नव्या घराचे वायरिंग चालू असेल तर प्रत्येक खोलीपर्यंत एक केबल टाकून घ्यावी. रंगकाम झाल्यावर तेच काम किती त्रासाचे होते, हे अनेक घरांत पाहिल्यामुळे मी हा आग्रह धरतो.

दुसरा राउटर जोडल्यावर त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ हा प्रकार निवडावा. ते न केल्यास दोन्ही राउटर उपकरणांना आपापले स्वतंत्र नेटवर्क पत्ते (आयपी) देत बसतात आणि एका राउटरवरच्या मोबाइलला दुसऱ्यावरचा प्रिंटर सापडत नाही. दोन्हींच्या वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवावा, चॅनल (पट्टीतले उपविभाग) मात्र वेगवेगळे द्यावेत. केबल ओढणे अशक्यच असेल तर मेश संच, म्हणजे एकमेकांशी बिनतारी जोडले जाऊन एकच वायफाय पसरवणारे डबे, घ्यावा आणि त्याचा दुसरा डबा जिथे सिग्नल अजून चांगला येतो अशा मधल्या जागी ठेवावा; जिथे सिग्नल संपतो तिथे तो ठेवला तर पुढे पाठवायला त्याच्याकडेच काही नसते. हीच गोष्ट स्वस्त रिपीटरची, म्हणजे सिग्नल ऐकून पुढे पाठवणाऱ्या छोट्या यंत्राची. शिवाय एकाच पट्टीवर चालणारा रिपीटर ऐकणे आणि पुढे पाठवणे ही दोन्ही कामे आळीपाळीने करतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

जोडणी झाली की लगेच सुरक्षेकडे वळावे. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर त्याच्या सेटिंगचा पत्ता असतो, बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1, तो ब्राउझरमध्ये टाकून आत जावे आणि सर्वप्रथम तिथला मूळ अ‍ॅडमिन पासवर्ड बदलावा. हा वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, आणि नेमका तोच बहुतेक घरांत वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहतो. त्यानंतर सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-3 निवडावा. जुनी उपकरणे जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए-2 आणि 3 यांचा मिश्र पर्याय घ्यावा. बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद करावी. पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर किंवा मुलांची नावे न देता एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहावेत: पाटा, करवंद, इस्त्री, तुतारी अशा धर्तीवर, अर्थात आपले स्वतःचे. असा पासवर्ड घरातल्या आजी-आजोबांच्याही लक्षात राहतो आणि अंदाजाने ओळखणे फार कठीण जाते. नेटवर्कच्या नावात आडनाव किंवा फ्लॅट क्रमांक घालू नये. पाहुण्यांसाठी आणि स्मार्ट बल्ब, कॅमेरा यांसारख्या उपकरणांसाठी ‘गेस्ट’ नेटवर्क वेगळे काढावे. त्यातली बरीच उपकरणे फक्त 2.4 गिगाहर्ट्झवरच जोडली जातात, हेही ध्यानात ठेवावे.

चॅनलच्या बाबतीत 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6 आणि 11 हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून त्यांपैकी सर्वांत मोकळा निवडावा आणि रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवावी. सोसायटीत 40 ची रुंदी दिल्याने शेजाऱ्याचेही बिघडते आणि आपलेही. 5 गिगाहर्ट्झवर 80 मेगाहर्ट्झ आणि स्वयंचलित चॅनल पुरेसा ठरतो.

मग मोजमाप करावे. लॅपटॉप प्रथम केबलने थेट राउटरला जोडून वेग तपासावा. इथेच वेग कमी मिळाला तर दोष वायफायचा नाही, आणि कंपनीकडे तक्रार करताना हाच आकडा सांगावा. 100 मेगाबिटचा प्लॅन म्हणजे सेकंदाला साधारण साडेबारा मेगाबाइट, त्यामुळे डाउनलोडचा आकडा लहान दिसला म्हणून फसवणूक झाली असे समजू नये. केबलवर वेग ठीक असेल तर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारातले अ‍ॅप मोबाइलवर घेऊन प्रत्येक खोलीत सिग्नल पाहावा. तो डीबीएम या एककात दिसतो आणि आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार: उणे 60 डीबीएमपर्यंतचा सिग्नल उत्तम, उणे 67 पर्यंत व्हिडिओ कॉल सहसा नीट चालतो, आणि उणे 75 च्या खाली गेलेल्या खोलीसाठी दुसऱ्या राउटरची सोय करावी. मोजताना दारे बंद ठेवावीत, कारण रात्री अभ्यासाच्या वेळी ती बंदच असतात.

शेवटी विजेचा प्रश्न. बहुतेक राउटर 12 व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी बॅटरी असलेले छोटे यूपीएस मिळतात. वीज गेल्यावर कंपनीची यंत्रणा चालू असेल तर इंटरनेटही चालू राहते. विकत घेण्यापूर्वी राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर पाहावेत: व्होल्ट तंतोतंत तेवढेच असावेत, अँपिअर तेवढे किंवा अधिक. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना बॅटरी हवी, नाहीतर वायफायचे चिन्ह दिसते आणि इंटरनेट मात्र येत नाही. काचेच्या फायबरमधून वीज येत नसली तरी अडॅप्टरमधून येणारा झटका राउटर जाळू शकतो, म्हणून वळिवाच्या पावसात विजा कडकडू लागल्या की प्लग सॉकेटमधून काढून ठेवावा.